म्हाताऱ्यांची साक्ष

अमेरिकेतल्या एल्वा नदीकाठच्या क्लालम या मूळनिवासी जमातीतल्या म्हाताऱ्या एका खडकाची गोष्ट सांगत. पात्रालगत एक खडक आहे आणि त्यात दोन खोल खळगे आहेत, वेटोळं घालून विणलेल्या टोपल्यांच्या आकाराचे. निर्मात्याने पहिली माणसं तिथे घडवली आणि त्याच खळग्यांतल्या पाण्याने त्यांना न्हाऊ घातलं. पुढे लोक त्या जागी जात, खळग्यात हात घालत आणि आपलं आयुष्य कसं जाणार ते समजून घेऊन परतत. सांगणाऱ्या बायकांनी मात्र तो खडक कधी पाहिलेला नव्हता. १९१३ साली नदीवर धरण उभं राहिलं आणि खडक ऑल्डवेल तलावाच्या तळाशी गेला. त्यांना ही गोष्ट त्यांच्या आज्यांकडून मिळाली होती.

मी वॉशिंग्टन राज्यात राहायला आले तेव्हा तो तलाव अजून भरलेला होता. सिएटलहून फेरीने पाणी ओलांडायचं, मग ऑलिंपिक डोंगर डाव्या हाताला ठेवून दोनेक तास गाडी चालवायची, की पोर्ट अँजेलिस येतं. गावाच्या पश्चिमेला एल्वा समुद्राला मिळते. आपल्या हिशेबाने नदी लहानच, जेमतेम ७२ किलोमीटरची. पण तिचं बहुतेक खोरं राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे वर ना शेती ना कारखाना. डोंगरातलं पाणी तसंच्या तसं खाली येतं. अशा नदीत मासे नसावेत याला एकच कारण होतं, आणि ते काँक्रीटचं होतं.

२०१२ साली खालचं धरण काढून झालं, तलाव आटला आणि जमातीच्या माणसांना तो खडक सापडला. दोन खळग्यांसकट, गोष्टीत सांगितला होता तसा. त्याच भागात पुरातत्त्वज्ञांना सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वावराच्या खुणाही मिळाल्या. दंतकथा खरी निघाली म्हणून मोठं कौतुक झालं. मला त्या कौतुकात मेख दिसते. खडक खरा निघाला म्हणून म्हाताऱ्यांचं ऐकलं गेलं, असा क्रम नाही. आधी त्यांचं ऐकणं सरकारला भाग पडलं, मग धरण निघालं, आणि मग खडक दिसला. ऐकणं भाग कसं पडलं, ते सांगण्यासारखं आहे.

थॉमस ऑल्डवेल हा कॅनडातून आलेला, जमिनीच्या व्यवहारात मुरलेला माणूस. नदीकाठचे तुकडे वर्षानुवर्षं गुपचूप खरेदी करून त्याने एका घळीवर हक्क मिळवला आणि १९१० साली, मुखापासून आठेक किलोमीटर वर, वीजनिर्मितीसाठी ३३ मीटर उंचीचं धरण बांधायला घेतलं. पुढे त्याने आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या नावातच शेवटचा सीमाप्रदेश जिंकल्याचा डौल आहे. ज्यांच्या मालकीचा प्रदेश त्याने जिंकला, ते खालच्या अंगाला घरं करून राहत होते. धरणाचा पाया खडकापर्यंत नेलेला नव्हता, तो खडी-वाळूवर टेकला होता. ३० ऑक्टोबर १९१२ रोजी पाण्याने बुडातूनच वाट काढली. भिंत वर उभी आणि खालून सारा तलाव सुटलेला. क्लालम कुटुंबांनी उंचावर पळून जीव वाचवले. पाणी ओसरल्यावर मासे झाडांच्या फांद्यांत अडकलेले दिसले, ही आठवण त्या घरांतून पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की खालच्या वस्तीत झोप नसे. हा भयगंड नव्हता. भोक दगड, माती, झाडांचा पाला आणि काँक्रीट टाकून बुजवलं होतं आणि त्याच भरावावर ते धरण पुढची शंभर वर्षं उभं राहिलं.

मासे वर जाण्यासाठी धरणात वाट ठेवली पाहिजे असा राज्याचा कायदा १८९० पासून होता. ऑल्डवेलने वाट ठेवली नाही. राज्याचा मत्स्य आयुक्त लेस्ली डार्विन याने त्यातून एक पळवाट शोधून दिली. धरणाला लागून मत्स्यबीज केंद्र काढायचं, म्हणजे धरण हा नदीतला अडथळा न राहता अंडी गोळा करण्याची सरकारी सोय होते. १९१५ साली केंद्र सुरू झालं, १९२२ साली ते सोडून दिलं. धरण राहिलं. १९२७ साली वरच्या अंगाला ग्लाइन्स कॅन्यनमध्ये दुसरं धरण आलं, ६४ मीटरचं, तेही बिनवाटेचं. समुद्रातून अंडी घालायला इथे येणाऱ्या सामन माशाच्या पाचही जातींना, चिनूक, कोहो, चम, पिंक आणि सॉकाय यांना, शिवाय स्टीलहेडला, ११० किलोमीटरांहून जास्त लांबीच्या प्रवाहांऐवजी खालचे आठ किलोमीटर उरले. धरणापूर्वी वर्षाला चारेक लाख मासे वर चढत असावेत असा अंदाज आहे. नंतर ते काही हजारांवर आले. इथला चिनूक ४५ किलोंपर्यंत वाढे. एवढा मासा एकट्या माणसाला उचलायला जड.

मग गोष्टी बदलल्या. निर्मात्याच्या जागी मासेमारी अधिकारी आले. वडीलधाऱ्यांच्या आठवणींत तो काळ सगळा रात्रीचा आहे. दिवसा नदीवर गेलं तर अटक, म्हणून अंधारात जायचं. दिवा न लावता, न बोलता. पोरांना पहाऱ्यावर बसवायचं आणि मासा मिळाला की तो झाकून घरी न्यायचा. नदीच्या मुखाशी एका थंड सकाळी मला भेटलेले एक म्हातारे गृहस्थ हेच सांगत होते. त्यांच्या आजीचा हात पाण्यातच एवढा सरावलेला, की अंगाला हात लावून ती माशाची जात सांगे, आणि अंडी घालून झालेली मादी असेल तर तिला परत सोडून देई. “चोर म्हणून पकडायचे,” ते म्हणाले, “आणि नदी कोणी चोरली ते कोणीच विचारायचं नाही.” मग त्यांनी मलाच विचारलं, तुमच्याकडच्या नद्यांत असे वर चढणारे मासे असतात का?

असतात. कुडाळजवळच्या आमच्या गावी पहिला मोठा पाऊस पडून व्हाळ भरला, की चढणीचे मासे लागत. आजोबा चूड पेटवून, कोयता घेऊन रात्री बाहेर पडत. मळये, शिंगटी, एखादी वाम. शेताच्या बांधावरून, गुडघाभर पाण्यातून, उलट्या धारेला लागलेले मासे. मी ते रंगवून सांगितलं. म्हाताऱ्यांनी शांतपणे पुढचा प्रश्न विचारला: किती जाऊ देत होते? मला खरं तेच सांगावं लागलं. आमच्याकडे जाऊ देत नव्हते. पोटात गाबोळी असलेला मासा अधिक चवीचा, म्हणून तोच आधी मारला जाई. जुन्या लोकांना सगळं कळत होतं असं मी कधी म्हणणार नाही. माझ्या आजोबांना मासा कुठून चढतो ते नेमकं ठाऊक होतं, कधी थांबायचं याचा नियम मात्र आमच्या गावात नव्हता.

क्लालमांकडे नियमही होते आणि एक कागदही होता. २६ जानेवारी १८५५ रोजी पॉइंट नो पॉइंट इथे झालेला करार. त्यात जमातींनी जमीन सोडली, पण आपल्या नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क, अमेरिकेच्या नागरिकांच्या बरोबरीने, स्वतःकडे ठेवला. शंभर वर्षं या बरोबरीचा अर्थ राज्य सरकारने आपल्या सोयीने लावला. १९६०च्या दशकात वॉशिंग्टनच्या नद्यांवर जाळी जप्त होत होती, लाठ्या चालत होत्या, बायका-पोरांना फरफटत नेलं जात होतं. प्रकरण न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांच्यापुढे आलं. खटल्यात जमातींच्या वडीलधाऱ्यांनी साक्षी दिल्या आणि मानववंशशास्त्रज्ञ बार्बरा लेन यांनी १८५५ मध्ये सही करणाऱ्यांना काय समजलं असेल ते पुराव्यांसह मांडलं. १२ फेब्रुवारी १९७४ रोजी निकाल लागला. धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंत वाटा करारातल्या जमातींचा, आणि माशांच्या व्यवस्थापनात त्या राज्याच्या बरोबरीच्या.

माझ्या मते एल्वाची खरी कहाणी इथे वळते. या निकालानंतर जमातींनी स्वतःचे मत्स्य विभाग उभे केले, जीवशास्त्रज्ञ नेमले. आजी सांगते ते आता दंतकथेच्या नव्हे, दप्तराच्या खात्यात जाऊ लागलं. कोणता मासा कोणत्या महिन्यात येई, कुठल्या डोहात थांबे, कुठवर चढे. ग्लाइन्स धरणाचा परवाना संपला होता, त्याच्या नूतनीकरणाच्या कामात लोअर एल्वा क्लालम जमात १९८६ मध्ये पक्षकार झाली. १९९२ साली अमेरिकी काँग्रेसने एल्वाची परिसंस्था आणि मासे पूर्ववत करण्याचा कायदा केला. २००० साली केंद्र सरकारने दोन्ही धरणं विकत घेतली. सप्टेंबर २०११ मध्ये पहिला घाव पडला, मार्च २०१२ पर्यंत खालचं धरण गेलं, ऑगस्ट २०१४ मध्ये वरच्याचा शेवटचा तुकडा सुरुंगाने उडवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत हेझेल सॅम्पसन वारल्या, १०३ वर्षांच्या होऊन. क्लालम ही जन्मभाषा म्हणून शिकलेल्या त्या शेवटच्या. त्या जन्मल्या तेव्हा ऑल्डवेलचं धरण पुरं व्हायचं होतं.

मधल्या काळात एक गोष्ट ऐकली गेली नाही, तिची किंमतही मोठी पडली. पोर्ट अँजेलिसच्या किनाऱ्यावर आपलं जुनं गाव होतं, हे क्लालम कुटुंबांना ठाऊक होतं. २००३ साली राज्याने तिथेच एका पुलाच्या बांधकामासाठी मोठी सुकी गोदी खणायला घेतली. आधीच्या पाहणीत काही सापडलं नव्हतं. फावडं लागलं तसा त्से-व्हिट-झेन गावाचा ठाव निघाला, किमान २,७०० वर्षं जुना, आणि तीनशेहून जास्त अखंड दफनं. कोट्यवधी डॉलर खर्चून झाल्यावर डिसेंबर २००४ मध्ये काम सोडून द्यावं लागलं.

नदीवर मात्र जमात सुरुवातीपासून कामात होती. धरणांमागे अंदाजे दोन कोटी घनमीटर गाळ साठला होता. खालची नदी तेवढी वर्षं खडीला मुकलेली. सामनची मादी शेपटीने खडी उकरून त्यात अंडी घालते. खडी नसेल तर नुसतं स्वच्छ पाणी तिच्या उपयोगाचं नाही. पडलेल्या झाडांचे ओंडकेही धरणांनी अडवले होते, आणि ओंडका अडकला की त्याच्यामागे डोह होतो, खडी थांबते, पिल्लांना आडोसा मिळतो. जमातीच्या मत्स्य विभागाने धरणं निघण्याच्या कितीतरी आधीपासून खालच्या पात्रात ओंडक्यांचे मोठमोठे बांध रचायला घेतले. इंजिनियर सरळ, मोकळं पात्र चांगलं म्हणत आले होते. मासे धरून जगलेल्या लोकांना अडखळणारी नदी हवी होती. तलाव आटल्यावर उघड्या पडलेल्या गाळावर जमातीच्या आणि उद्यानाच्या माणसांनी स्थानिक झाडाझुडपांची लाखो रोपं लावली.

सगळं एकमताने झालं असं समजू नका. जमातीने नवं मत्स्यबीज केंद्र चालवलं, त्यावर २०१२ साली काही संवर्धन संघटना न्यायालयात गेल्या. केंद्रातल्या माशांनी रानटी माशांची जात बिघडते, नदीला आपल्या आपण भरू द्या, असा त्यांचा आग्रह. जमातीचं म्हणणं असं, की गाळाने नदी गढूळ असताना उरलेसुरले मासेही गेले तर मागे कोण राहील? मला दोन्हीकडचं पटतं. पण शंभर वर्षं ज्यांनी मासा गमावला त्यांना धीर धरायला सांगण्याचा अधिकार इतरांना फारसा नाही. नदीने दोघांनाही थोडं थोडं चकवलं. धरणांच्या वर शतकभर कोंडलेल्या रेनबो ट्राउटांची प्रजा वाट मोकळी होताच समुद्राकडे गेली आणि उन्हाळी स्टीलहेड होऊन परतली. कुणी ते मासे सोडले नव्हते. चिनूकचं काम संथ आहे. परतणाऱ्यांत केंद्रात जन्मलेल्यांचा भरणा बरीच वर्षं राहिला.

आणि थांबण्याचा नियम? २०११ पासून जमातीने एल्वात स्वतःचीच मासेमारी बंद ठेवली. करारातला हक्क हातात असून. २०२३ च्या शरदात ती पहिल्यांदा उघडली, फक्त कोहोसाठी, विधी आणि घरच्या जेवणापुरती.

दक्षिणेला, कॅलिफोर्निया आणि ओरेगनच्या सीमेवरच्या क्लामथ नदीवर हीच कहाणी जास्त मोठ्या मापाने झाली. तिथेही सुरुवात जाळ्यांच्या जप्तीतून. १९६९ साली रेमंड मॅट्झ या युरोक जमातीच्या माणसाची पाच जाळी वॉर्डनने उचलली, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७३ साली जिंकला. २००२ च्या सप्टेंबरात त्या नदीत किमान ३४,००० सामन उथळ, कोमट पाण्यात रोगाने मेले. तिथून धरणं काढण्याच्या मागणीने जोर धरला. २०२३ आणि २०२४ मध्ये चार धरणं निघाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओरेगनमधल्या एका उपनदीत चिनूक दिसला, १९१२ नंतर पहिल्यांदा.

क्लामथवरच्या कारुक लोकांची दोन सांगणी मला फार मोलाची वाटतात. पहिलं असं: वसंतात येणारा चिनूक आणि शरदात येणारा चिनूक हे वेगळे मासे आहेत. वसंतातला चरबीने जड, बर्फाच्या पाण्यावर वरपर्यंत जाणारा. शास्त्रज्ञ दोघांना एकच धरत, त्यामुळे वसंतातला जवळजवळ संपत आला तरी कागदोपत्री चिनूक शिल्लकच दिसे. २०१७ साली एका अभ्यासाने दाखवलं, की लवकर येण्याचा गुण जनुकाच्या एका छोट्या भागावर ठरतो. तो हरवला तर दुसऱ्या माशातून सहजी उगवणार नाही. कारुक जमातीने त्याच वर्षी संरक्षणासाठी अर्ज केला आणि २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने क्लामथच्या वरच्या भागातल्या वसंती चिनूकला धोक्यातल्या प्राण्यांत घातलं.

दुसरं सांगणं ऐकून पूर्वी वनखात्याची माणसं हसत असतील. डोंगराला आग लावा, म्हणजे सामन येईल. कारुक उन्हाळ्याच्या शेवटी विधीपूर्वक डोंगर पेटवत. वणवाबंदीच्या काळात हा गुन्हा ठरला. २०१८ साली क्लामथ खोऱ्यातल्या तापमानांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात धुराचा पडदा ऊन अडवतो आणि नदीचं पाणी त्यामुळे थंड होतं हे मोजून दाखवलं. थांबलेला सामन थंड पाण्यातच पुढे सरकतो. अभ्यासाच्या तीन लेखकांपैकी फ्रँक लेक स्वतः कारुक वंशाचे. त्यांनी वडीलधाऱ्यांचं सांगणं सुभाषितासारखं भिंतीवर लावलं नाही, ते तपासता येईल असा प्रश्न केला. या कामात मला हीच पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते.

आपल्याकडे ‘पारंपरिक ज्ञान’ म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि आराखडा मात्र सल्लागार कंपनी करते. काठाला दगडी भिंत, वर फरसबंदी, मध्ये कारंजं. कातकऱ्याला, भोयाला, ढीवराला कोणी विचारत नाही की इथे कोणता मासा कधी चढायचा आणि आता कुठे अडतो. विचारलं तिथे फरक दिसतो. भंडारा-गोंदियाच्या जुन्या मालगुजारी तलावांत ढीवर समाजाच्या लोकांनी बेशरम हे तण उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, आणि देशी मासे परत येऊ लागले. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या अंड्यांना लागते हे त्यांना माहीत होतं. पण नुसत्या माहितीवर भागत नाही. एल्वावर माहिती १९१२ पासून होती, ऐकणारं कार्यालय १९७४ नंतर मिळालं.

महाराष्ट्रात तसा कागद आहे. २००६च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये मासे आणि पाणवठ्यातल्या इतर उत्पन्नाचा स्पष्ट उल्लेख आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला, त्यानंतर शेकडो ग्रामसभांनी. दाव्यांत बांबू आणि तेंदूपान ठळक असतं, डोह आणि मासे बहुधा राहून जातात. दावा भरणाऱ्या ग्रामसभांनी आणि त्यांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ते लिहावेत. पुरावा काय द्यायचा, असा प्रश्न पडला तर कायद्याच्या नियमांतला तेरावा नियम वाचावा. दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन तिथे पुरावा म्हणून मान्य आहे.